अकरा रविवार

मंगळवार, ६ फेब्रुवारी

चिंधी,

तुझी आजी निरक्षर आहे, विसरभोळी नाही. विसरभोळी तू आहेस. तुझा तो बुटका साहेब ऑक्टोबरात निवृत्त झाला. ऑफिसाने त्याला त्याच्यापेक्षा मोठं घड्याळ दिलं, बसमध्ये कंडक्टरने घड्याळाला बसायला जागा दिली आणि साहेबाला उभं ठेवलं, हे तूच लिहिलं होतंस. मग परवाच्या रविवारी तो टेबलावर चढून ऑफिसातलं कबुतर कसा हाकलत होता? घड्याळ परत करायला आला होता का? अजून तिशी यायची आहे तुझी, आणि स्वतःचं लिहिलेलं आठवत नाही. मला बघ. एक अक्षर येत नाही, पण तुझे तीन वर्षांचे सगळे रविवार तोंडपाठ आहेत.

हे पत्र तुझी आई लिहिते आहे. मी बजावलंय की मी बोलेन ते सगळं उतरवायचं, मधे खोकले तर खोकलासुद्धा. ती म्हणाली, "आई, खोकला कसा लिहायचा?" म्हटलं, वीस वर्षं शाळेच्या ऑफिसात दाखले लिहितेस, लोकांच्या पोरांची वर्तणूक लिहिता येते आणि सासूचा खोकला येत नाही होय? तिने हे पण लिहिलंय. कागदाकडे बघून लिहिते, माझ्याकडे बघत नाही.

फोन का करत नाही, असं विचारू नकोस. फोनवर मला सगळ्यांचाच आवाज डब्यात खडे हलवल्यासारखा येतो. त्यातून तू म्हणतेस "बरी आहे", मी म्हणते "काय?", तू म्हणतेस "बरी", की संपलं बोलणं. त्यापेक्षा तुझा ब्लॉग बरा. रविवारी चारला चहा झाला की तुझी आई खिडकीजवळ खुर्चीत बसते, मी शिलाई मशीनच्या स्टुलावर. ती फोन डोळ्यांसमोर धरते आणि हजेरी घेतल्यासारखी तुला वाचून दाखवते. घरमालकिणीच्या पायमोज्यांची गोष्ट वाचली तेव्हा मी इतकी हसले की कवळी हातात काढून घ्यावी लागली. तिच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. बाईचं तोंड आहे की खळ लावून इस्त्री केलेली कॉलर.

पण खरं सांगते, गेले चार-पाच आठवडे तू जास्त चांगलं लिहितेस. आधी जरा लोकांना हसवायला लिहायचीस. हल्ली घरातलं माणूस बोलतं तसं लिहितेस. फक्त ते "आजी म्हणते" बंद कर. "आजी म्हणते, सुई हरवली की घरातला प्रत्येक माणूस जपून चालायला शिकतो." मी कधी म्हणाले असं? चांगलं आहे, मला आवडलंही, पण मी म्हणालेली नाही. उद्या माझ्या नावावर काहीही खपवशील.

आता माझं काम. ब्लॉगमधला तुझा फोटो तुझ्या आईने मला दाखवला. अक्षर मला दिसत नाही म्हणून माणूस जास्त दिसतं. तू खिडकीपाशी उभी आहेस, अंगात निळा कोट. तो कोट मी शिवलेला आहे. तो खांद्यावरून दोन बोटं खाली आलाय, आणि बाहीत हात लोंबतोय तो हँगरला लावल्यासारखा. कोट वाढत नाहीत, माणसं कमी होतात.

तेव्हा मला माप पाठव. आकडे नकोत, आकडे घेऊन मी काय करू? आपल्या पद्धतीने पाठव. विसरली असशील तर सांगते. एक दोरी घ्यायची. टोकापासून पहिली गाठ खांद्याच्या रुंदीवर, दुसरी कंबरेच्या घेरावर, तिसरी छातीच्या, शेवटची उंचीवर. सगळी मापं त्याच टोकापासून. चाळीस वर्षं मी गिऱ्हाइकांच्या दोऱ्या खिळ्यांना टांगून ठेवल्या आणि कुणाचा ब्लाउज कुणाला गेला नाही. तुझी पण टांगलेली आहे, जाताना घेतलेली. नवी आली की शेजारी टांगीन.

तुझ्या आईला विचारलं, तुझ्याकडून काही निरोप लिहायचा का. पेन जरा थांबलं. नाही म्हणते.

तुझी आजी


शनिवार, १६ मार्च

चिंधी,

दोरी पोचली. पाकीट तुझ्या आईने फोडलं, दोरी माझ्या हातात दिली. तिकडेसुद्धा अगदी आपल्यासारखी दोरी मिळते म्हणायची. तोच पीळ. आणि मेण पण लावलंय, मी लावते तसं, दोन बोटांत धरून एकाच दिशेने. शिकवलेलं फुकट गेलं नाही.

मी ती जुन्या दोरीला लावून बघितली. चारही गाठी गाठींवर बसल्या. खांदा तोच, छाती तीच, कंबर तीच. तीन वर्षांत एका बोटाचा फरक नाही. मी चाळीस वर्षांत असं शरीर बघितलं नाही, कापडाच्या दुकानातल्या पुतळ्याचं सोडून. छान आहे. प्रकृती अशीच असावी माणसाची.

माझी म्हणशील तर हल्ली एका जागी बूड टिकत नाही. सकाळपासून तीन वेळा दाराशी जाऊन आले, पोस्टमन दुपारी येतो हे माहीत असून. मशीनवर कापड नसतं आणि पाय चालत राहतो. तुझी आई म्हणते, "आई, पट्टा झिजेल." म्हटलं झिजू दे, मी काय कमी झिजले? शेजारणीचा परकर उसवला, पुन्हा शिवला, मग पुन्हा उसवला. ती बिचारी दोनदा येऊन गेली. तिला वाटलं, मी हट्टाने करतेय.

तुझे रविवार चालू आहेत. परवाचं, ते लिफ्टमध्ये अडकलेल्या दोघांचं, की त्यांना एकमेकांची भाषा येत नाही म्हणून ते पाऊण तास एकमेकांना आपल्या मुलांचे फोटो दाखवत बसतात, आणि सुटका करायला माणूस येतो तेव्हा त्याला म्हणतात जरा थांब, अजून धाकटीचा राहिलाय. मी हसले, आणि हसताना मधेच कुठेतरी अडकले. हे तुला कसं सुचलं ते मला कळलं नाही. तुला मुलं नाहीत.

आणखी एक गंमत. पूर्वी तुझी आई वाचताना अंगठ्याने फोनवरचं पान वर सारायची. हल्ली अंगठा हलत नाही. फोन शहाणे झालेत म्हणे, माणसाचं वाचून झालं की आपणहून पुढे सरकतात. मी कशाला शंका घेऊ, मला काय त्यातलं कळतं.

आता कामाचं. पुढचे शब्द मी सांगेन तसेच उतरव, असं तुझ्या आईला सांगितलं आहे. इकडील सर्व क्षेमकुशल आहे. काळजी नसावी. प्रकृतीस जपून राहावे.

झालं. एवढंच बोलायचं होतं, आणि एवढं बोलायला मला पंधरा दिवस लागले.

तुझी आजी


सोमवार, १८ मार्च

चिंधी,

अक्षर बदललेलं दिसेल. हे कोपऱ्यावरचे औषधवाले लिहीत आहेत. लहानपणी तुला खोकल्याची बाटली देऊन वर एक गोळी चघळायला द्यायचे ते. आता सत्तरीला आले, गिऱ्हाईक आलं की उठतात, म्हणून पत्र तुकड्यातुकड्यात होईल. अक्षर लागलं नाही तर तिकडच्या औषधांच्या दुकानात ने, त्यांना यांची लिपी कळते. हे म्हणतात, "वहिनी, माझीच निंदा माझ्याच हातून?" म्हटलं, लिहा भाऊ, सवय आहे मला लिहून घ्यायची. सवय नाही ती खरं लिहून घ्यायची.

शनिवारचं पत्र तुझ्या आईने लिहिलं, घडी घातली, पाकिटात घातलं. म्हणाली, सोमवारी शाळेत जाताना टाकते. आज सकाळी मी म्हटलं, माझे पाय शिवशिवतायत, मीच टाकते. ती नको म्हणाली. एवढ्या घाईने नको म्हणाली की मी चप्पल घातली. पोस्टाच्या वाटेत हे दुकान. यांना म्हटलं, भाऊ, वाचा.

यांनी वाचलं. सगळं बरोबर. पट्टा झिजतो ते, परकर, लिफ्ट. अंगठ्याचा टोमणासुद्धा तिने प्रामाणिकपणे उतरवलाय, स्वतःवर असून. मग आलं, "इकडील सर्व क्षेमकुशल आहे. काळजी नसावी." म्हटलं, परत वाचा. यांनी परत वाचलं. क्षेमकुशल! पोरी, मी जन्मात कधी क्षेमकुशल म्हणाले आहे का? मी काय तहसील कचेरी आहे?

मी काय बोलले होते ते आता ऐक. मी म्हणाले होते, "चिंधे, जाताना तुझी आई तुला म्हणाली की गेलीस तर रडत परत येऊ नकोस. ते माझ्यादेखत म्हणाली आणि मी गप्प राहिले. आता मी सांगते, रडत ये. रडत आलीस तरी दार हेच आहे आणि कडी आतून नाही." हे मी तिच्यासमोर मोठ्याने बोलले. मला दुसरा मार्ग नाही. बाकीच्यांची गुपितं पाकिटात जातात. माझं गुपित आधी लिहिणाऱ्याच्या कानात जातं. पंधरा दिवस मी त्याचाच धीर गोळा करत होते. तिने मान खाली घालून पेन चालवलं. मला वाटलं, लिहिते आहे. आणि तिने लिहिलं काळजी नसावी.

मग मी यांना म्हटलं, पोरीचा ब्लॉग काढा तुमच्या फोनवर. यांनी काढला. शेवटचं काय आहे? हे म्हणाले, निळ्या कोटातला फोटो आहे आणि खाली एक ओळ, नवीन वर्षात नवीन विनोद. तारीख काय? एकतीस डिसेंबर. त्यापुढे? त्यापुढे काही नाही.

मी दुकानातल्या बाकड्यावर बसले. यांनी पाणी दिलं, नाडी बघितली, नाडीला काही झालेलं नव्हतं. बोटं मोजून झाली, हाताची पुरली नाहीत. अकरा रविवार. कबुतर नाही, पायमोजे नाहीत, लिफ्ट नाही. अकरा रविवार तू एक अक्षर लिहिलं नाहीस आणि मी अकरा रविवार तुला ऐकत होते.

ती तुझी आई होती, चिंधी. तुझा साहेब निवृत्त झाला हे ती विसरली, कारण ती घटना तिची नव्हती. दोरी पण तिचीच. माझ्याच डब्यातलं मेण, खिळ्यावरच्याच दोरीवरून गाठी मारलेली. मला दोरी हातात आली तेव्हाच कळलं होतं, पण मी तुझ्याबद्दल वेगळं समजत होते. वाटलं, तू काहीतरी लपवतेस आणि ती तुला साथ देतेय. ती मला जपत होती हे ध्यानात आलं नाही. जी बाई वीस वर्षांत एकदाच हसली, आणि तेसुद्धा कुणी घसरून पडलं म्हणून, ती मला कवळी हातात घेईपर्यंत हसवत होती. याचा विचार मी नंतर करीन. आता मला तुझा विचार करू दे.

कुठे आहेस? काय झालंय? माझं पहिलं पत्र, माप मागितलेलं, तुला मिळालं का? बहुतेक नाही. मग हे पहिलं समज.

मी एक गोष्ट तुझ्या आईसमोर कधी कबूल केली नाही. औषधवाल्यांसमोर करते, ते बाहेर बोलत नाहीत, चाळीस वर्षं अख्ख्या गल्लीचे आजार त्यांच्या पोटात आहेत. तू जाताना बॅग घेऊन दारात होतीस. तुझी आई ते बोलली, कारण तुझा बाप गेल्यावर तिने तुला एकटीने वाढवलं, शाळेतल्या नोकरीसाठी शब्द टाकून ठेवला होता, आणि तू म्हणालीस मला दाखले लिहीत आयुष्य काढायचं नाही. तिचं आयुष्यच ते. ती बोलून गेली. मग तू माझ्याकडे बघितलंस. मी काय म्हणाले आठवतं? मी म्हणाले, "जा, पण दर रविवारी मला हसव. रडगाणी ऐकायला माझ्याकडे गिऱ्हाइकं पुष्कळ आहेत." मला वाटलं, मी वातावरण हलकं केलं. तिने रडायची बंदी केली आणि मी हसवायची सक्ती केली. मधे तुला उभं राहायला जागा कुठे ठेवली आम्ही?

तर आता हसवू नकोस. खरं लिही. तुझा पत्ता शनिवारच्या पाकिटावरून घेतलाय; उत्तर या दुकानाच्या पत्त्यावर पाठव, तो हे खाली शिक्का मारून देतील. तुझ्या आईला मी अजून काही म्हणाले नाही. येत्या रविवारी ती वाचेल आणि मी ऐकेन. पण लवकर कर. माझ्याच्याने हे फार दिवस होणार नाही. मी ह्या दुकानात आल्यापासून चौथ्यांदा उभी राहिले आहे आणि हे चौथ्यांदा म्हणाले, वहिनी बसा.

आजी


रविवार, २१ एप्रिल

चिंधी,

तुझ्या आईचं अक्षर ओळखलं असशील. घाबरू नकोस, सगळं बोलून झालंय. मी क्रमाने सांगते, नाहीतर माझा गोंधळ उडतो आणि हिचा कागद वाया जातो.

तुझं पत्र गेल्या मंगळवारी आलं. औषधवाल्यांनी अर्धं शटर ओढलं आणि वाचलं. एक बाई कपाळाचा बाम मागायला आली तिला म्हणाले, पाच मिनिटांनी या, डोकं तोवर दुखू द्या. नोव्हेंबरात ऑफिस बंद पडलं ते ऐकलं. मग त्याच घरात तीन बायकांबरोबर एक खोली, चौघींची एक खिडकी. जानेवारीत तीन आठवडे ताप, आणि कुणाला सांगायचं नाही म्हणून तोंडावर उशी. आता बेकरीत टोस्टच्या डब्यांवर काम, पहाटे चारला हजर. ऐकलं सगळं. "दर रविवारी फोन उघडून बसायचे आजी, पण गंमत सुचायची नाही. नुसतं लिहायला घेतलं तरी रडू यायचं, आणि रडण्याची परवानगी घरून नव्हती." इथे औषधवाल्यांनी चष्मा पुसला. मी म्हटलं, भाऊ, तुम्ही पुसत बसलात तर वाचणार कोण?

घरी आले. चार दिवस ते पत्र ब्लाउजमध्ये घेऊन फिरले. पोळी लाटताना टोचायचं, झोपताना टोचायचं. आज चार वाजले. चहा झाला. तुझी आई खुर्चीत बसली, फोन धरला आणि सुरू केलं, "आज आमच्या ऑफिसात..." मी उठले आणि तुझं पत्र तिच्या फोनवर ठेवलं. म्हटलं, आज हे वाच.

तिने मनात वाचलं. मला वाचून दाखवलं नाही. दोनदा वाचलं. मग फोनच्या मागून एक कागद मांडीवर पडला, तो तिने उचलला नाही.

"आई, तुम्हाला कधी कळलं?"

"दोरी आली तेव्हा अर्धं, दुकानात गेले तेव्हा पुरतं."

"म्हणजे महिनाभर तुम्हाला माहीत होतं की मी वाचत नाहीये."

"हो."

"मग हसत का होतात?"

"हसू येत होतं म्हणून."

त्यावर ती रडली. मी तिला तुझा बाप गेला तेव्हा रडताना बघितलं, त्यानंतर आज. रडताना पण बाईचा आवाज नाही, नुसते खांदे. मी मशीनवरची चिंधी दिली, नाक पुसायला.

मग ती बोलायला लागली. पहिल्या रविवारी तिने फोन उघडला, नवीन काही नव्हतं. मी समोर कप घेऊन बसले होते. "तुमचा चेहरा असा होता आई, की नाही म्हणवेना. म्हणून एक सांगितलं. वाटलं, पुढच्या रविवारी ती लिहील. तिने लिहिलं नाही. मग मी शाळेत मधल्या सुट्टीत लिहायला लागले." मी म्हटलं, मग सरळ पोरीला विचारायला काय झालं होतं, हात मोडले होते? म्हणाली, "काय तोंडाने विचारू? रडू नकोस म्हणणारी मीच. मी विचारलं तर ती बरी आहे असंच सांगणार." मग तिने मला फोन दाखवला. मला वाचता येत नाही म्हणून बोट ठेवून दाखवलं. दर रविवारी सकाळी तिचा एक शब्द, "बरी?" खाली तुझा एक शब्द, "बरी." पुन्हा बरी, पुन्हा बरी. खालपर्यंत तसंच. अक्षर येत नसलं तरी तोच तोच आकार मला कळतो. तुम्ही दोघी अशा एकमेकींना टाके घालत होतात आणि दोरा ओवलेलाच नव्हता.

माझी आधीची दोन पत्रं तिच्याकडेच निघाली. दुसरं मी कधी टाकलंच नाही, पोस्ट बंद होतं असं सांगून दुकानातून घरी आणून तिच्याच टेबलावर ठेवलं होतं. पहिलं शाळेच्या फॉर्मांखाली होतं. दोन्ही या पाकिटात आहेत, उशिरा का होईना वाच. साहेबाबद्दल तुला उगाच बोलले, ते परत घेते.

आणखी एक जाडजूड चळत आहे, ती तिची. पंधरा रविवारांची. चुकलेल्या दाखल्यांच्या पाठीवर लिहिलेलं आहे सगळं. पायमोज्यांच्या मागे कुणा मुलाची "वर्तणूक समाधानकारक" आहे म्हणे. ही द्यायला तयार नव्हती. म्हणते, "हे कसलं लिखाण, मी तो देश बघितलेला नाही." म्हटलं, मी पण नाही बघितलेला, आणि मला दिसला. चिंधी, तुला हे ब्लॉगवर घालावंसं वाटलं तर घाल, नाहीतर नुसतं वाच. आणि तुझं तू लिहिशील तेव्हा जसं असेल तसं लिही. एखादा रविवार हसण्याचा, एखादा नाही. माझी गिऱ्हाइकंही अशीच असतात, लग्नाचा ब्लाउज घेऊन येतात आणि माप देताना रडतात. मी कुणाला परत पाठवलं नाही.

यायचं असेल तर ये. राहायचं असेल तर राहा, पण कोट मला पाठव, खांदे आत घेऊन देते. मापाची घाई नाही, आधी चार घास नीट खा.

आता मी हिला सांगितलं, "लिही. 'मी म्हणाले होते रडत येऊ नकोस, ते मी मागे घेते.' हे तुझ्या हाताने लिही. मागच्यासारखं काळजी नसावी लिहिलंस तर मी सगळी पत्रं दुकानात वाचून घेईन."

पेन थांबलं. मी चहाचे कप विसळून आले तरी थांबलेलंच होतं. मग ती म्हणाली, "आई, हे तुम्ही सांगू नका. माझं मी लिहिते. तुम्ही जरा तिकडे बघा."

मी तिकडे बघितलं. म्हणजे अर्धं.

चिंधी, मी म्हणाले ते चुकीचं होतं. त्या दिवशी मला वाटलं की तू मला सोडून जाते आहेस, म्हणून मी तुला परत येण्याची भीती घालून ठेवली. मला तुझी फार आठवण येते. मला विनोद लिहिता येतात हे मला माहीत नव्हतं. तुझ्यासारखं बोलता बोलता ते मला जमायला लागलं आणि मग ते थांबवावंसं वाटेना, कारण तेवढा वेळ तू घरात असायचीस. ताप आला होता तेव्हा डोक्यावर कुणी हात ठेवला का? आता दर रविवारी, तुझं काम संपल्यावर, मी फोन करणार आहे. बरी आहे असं म्हणू नकोस.

ती लिहीत होती तेव्हा मी वितीने मोजलं. एका ओळीचं काम होतं, कागद अर्धी वीत भरला. काय लिहिलंय ते मी विचारलं नाही. हे पत्र मी दुकानात नेणार नाही, ती उद्या शाळेत जाताना टाकणार आहे आणि मी दारापर्यंतसुद्धा जाणार नाही, असं ठरवलंय. बघू जमतं का.

आता शेवटचं. तुझ्या बेकरीतून खाऊ पाठवशील, पाठवल्याशिवाय तू काही राहायची नाहीस, तर अख्खे टोस्ट पाठवू नकोस. चकचकीत डबा नको, रिबीन नको. सांगितलंस ना, पॅकिंगला चालत नाहीत ते तुम्हा कामाच्या बायकांना घरी न्यायला देतात, तुटके, एका बाजूने करपलेले, ते पाठव. कापडी पिशवीत घाल, तोंड नीट शिव, वाटेत आणखी मोडले तर मोडू देत. दोघींना पुरतील इतके पाठव.

तुझी आजी